आईचा पहारा आणि मुलीची वाट : ‘रिअल वुमेन हॅव कर्व्हज’ या चित्रपटाचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक :

वयात आलेली मुलगी, तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारी आई आणि आईच्या नकळत मुलगी ज्याला भेटते तो तरुण, ही मांडणी विनोदी चित्रपटाला नवी नाही. अशा चित्रपटांत आई बहुधा हास्यास्पद ठरते, मुलगी शहाणी ठरते आणि अखेरीस दोघींचा समेट होऊन प्रेक्षक समाधानाने घरी जातो. पॅट्रिशिया कार्डोसो दिग्दर्शित ‘रिअल वुमेन हॅव कर्व्हज’ (२००२) हा अमेरिकन चित्रपट हीच सामग्री हाताळतो, मात्र समेटाची सोय तो नाकारतो. प्रस्तुत लेखात या चित्रपटातील आईच्या पहाऱ्याचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे. हा पहारा वरकरणी शीलरक्षणाचा दिसत असला तरी त्याच्या मुळाशी घरातील श्रमाची वाटणी आहे, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन होय. त्याचबरोबर चित्रपटाने या पहाऱ्याची सारी जबाबदारी एकट्या आईवर टाकली आहे, हा आक्षेपही येथे नोंदवावयाचा आहे.

चित्रपटाची पार्श्वभूमी :

होसेफिना लोपेझ यांचे याच नावाचे नाटक १९९० मध्ये प्रथम रंगभूमीवर आले. त्यावरून स्वतः लोपेझ व जॉर्ज लाव्हू यांनी पटकथा लिहिली. सुमारे ३० लाख डॉलर एवढ्या, हॉलिवूडच्या मानाने तुटपुंज्या खर्चात एचबीओने हा चित्रपट तयार केला. २००२ च्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला प्रेक्षकांचे पारितोषिक मिळाले. अमेरिका फेरेरा (मुलगी ॲना) आणि ल्युपे ओन्तिवेरोस (आई कार्मेन) यांना अभिनयासाठी परीक्षकांचे विशेष पारितोषिकही देण्यात आले. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

कथानक साधे आहे. पूर्व लॉस एंजेलिसमधील बॉइल हाइट्स या मेक्सिकन वंशीयांच्या वस्तीत राहणारी ॲना श्रीमंत बेव्हर्ली हिल्समधील शाळेत शिकते. शिक्षक गुझमन तिला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाकडे अर्ज करण्यास सुचवतात. आईला मात्र तिने थोरली बहीण एस्तेला हिच्या शिवणकामाच्या कारखान्यात राबावे, बारीक व्हावे आणि लग्न करावे असे वाटते. त्या उन्हाळ्यात ॲना कारखान्यात कपड्यांना इस्त्री करते आणि जिमी नावाच्या वर्गमित्राला चोरून भेटते.

पहाऱ्यामागील हिशेब :

कार्मेनची माया आणि तिची सत्ता यांत सीमारेषा आखणे कठीण आहे. चित्रपटाच्या आरंभीच ती आजारपणाचे सोंग घेऊन अंथरुणात पडून राहते. स्वयंपाक ॲनाने करावा, हा त्यामागील हेतू. शाळेचा शेवटचा दिवस असल्याने ॲना तिला तशीच सोडून निघून जाते. या छोट्या, हसू आणणाऱ्या प्रसंगात पुढील सर्व संघर्षाचे बीज आहे. कार्मेन स्वतः वयाच्या तेराव्या वर्षापासून कष्ट करीत आली आहे. आता पाळी मुलीची, असे तिचे सरळ गणित आहे. मुलीला जपणे याचा तिच्या भाषेतील अर्थ मुलीला हाताशी ठेवणे असा होतो.

मुलीच्या देहावरील तिची टीकाही याच गणिताचा भाग आहे. ती ॲनाला सतत ‘गोर्डा’, म्हणजे जाडी, म्हणून हिणवते आणि खाण्यावरून बोलते. थोरली अविवाहित राहिली, निदान धाकटी तरी खपावी, ही चिंता त्यामागे आहे. आईच्या दृष्टीने मुलीचा देह एकाच वेळी कामाचे साधन आणि लग्नाच्या बाजारातील माल आहे. तरुणाची भीती वाटते ती याचसाठी.

परंतु जिमी हा आईचा खरा प्रतिस्पर्धी नाही, ही चित्रपटाची मार्मिक जाण आहे. तो ॲनाचा उद्धारकर्ता म्हणून येत नाही. आजोबांच्या मूक सहकार्याने होणाऱ्या भेटीगाठींतून उमलणारे हे नाते उन्हाळ्यापुरतेच राहते. एकांताच्या प्रसंगी ॲना दिवा लावावयास सांगते. आपला देह जसा आहे तसा त्याने पाहावा, हा तिचा आग्रह असतो. येथे शरीरसंबंधापेक्षा आत्मस्वीकाराला महत्त्व आहे. पुढे हे सारे आईच्या लक्षात येते तेव्हा ती मुलीवर अपशब्दांचा भडिमार करते. आपली किंमत केवळ कौमार्यावर ठरत नाही, असे ॲना तिला ठणकावते. आई पहारा देते तो दारावर; मुलगी जाते ती कोलंबियाच्या शिष्यवृत्तीच्या वाटेने.

कारखाना आणि हास्य :

आईचा धाक आणि बाजाराचे शोषण ही एकाच साखळीची दोन टोके आहेत, हे कारखान्यातील दृश्यांतून स्पष्ट होते. एस्तेलाला एका पोशाखामागे १८ डॉलर मिळतात. तोच पोशाख मोठ्या दुकानात ६०० डॉलरना विकला जातो. ज्या स्त्रिया तो शिवतात त्यांच्या अंगाला तो येतही नाही. कपड्यांवर धूळ बसेल म्हणून पंखा लावण्याची सोय नाही. असह्य उकाड्यात ॲना अंगावरील कपडे उतरवते आणि पाहता पाहता इतर स्त्रियाही तिचे अनुकरण करतात. आपापल्या पोटावरचे व्रण, मांड्यांवरच्या खळ्या एकमेकींना दाखवीत त्या मनमुराद हसतात. हा प्रसंग चित्रपटाचा कळस होय. येथील हास्य देहाची टिंगल करीत नाही, देहाला लाजविणाऱ्या दृष्टीची करते. कार्मेन तेवढी या हास्यात सामील होत नाही.

तिच्या न हसण्यामागील कारुण्यही चित्रपटाने सुचविले आहे. आपण पुन्हा गरोदर आहोत, अशी तिची समजूत झालेली असते. वैद्यकीय तपासणीत ती रजोनिवृत्ती असल्याचे कळते. प्रसंग विनोदी आहे. परंतु जिला मातृत्वाखेरीज दुसरी ओळख मिळाली नाही, त्या स्त्रीची पोकळी त्यातून उघडी पडते. मुलगी हातची जाऊ न देण्याच्या तिच्या हट्टाचा अर्थ येथे नव्याने लागतो.

चित्रपटाची मर्यादा :

मूळ नाटकातील पाचही पात्रे स्त्रियांची आहेत आणि परवान्याविना राहणाऱ्यांना देशाबाहेर घालविले जाण्याची भीती त्यांच्या डोक्यावर सतत टांगलेली आहे. चित्रपटाने ही भीती जवळजवळ काढून टाकली आणि तिच्या जागी पडद्यावर पुरुष आणले. हे पुरुष पाहावेत तर वडील समंजस, आजोबा प्रेमळ, शिक्षक तळमळीचे आणि प्रियकर सालस! परिणामी पुरुषप्रधान व्यवस्थेचे सारे नियम एकटी आई उच्चारते आणि त्या नियमांचा लाभ ज्यांना होतो ते औदार्याचे श्रेय घेऊन मोकळे होतात. घरातला स्वयंपाक कोणी करावयाचा, हा आरंभीचा प्रश्न वडिलांना कोणी विचारीत नाही. कार्मेनला तेराव्या वर्षी कामाला जुंपणारी परिस्थितीही पडद्याआडच राहते. ओन्तिवेरोस यांच्या समर्थ अभिनयामुळे कार्मेन खलनायिका होण्यापासून वाचते. संहितेने तिला एवढा न्याय दिलेला नाही.

समारोप :

या चित्रपटाचे खरे बळ त्याच्या शेवटात आहे. ॲना घर सोडते तेव्हा वडील व आजोबा तिला निरोप देतात. आई आपल्या खोलीचे दार उघडत नाही. आशीर्वाद न घेताच मुलीला निघावे लागते. त्यानंतर न्यूयॉर्कच्या रस्त्यावर ॲना ताठ मानेने चालताना दिसते आणि ती चाल आईनेच शिकविलेली असते. मुलीने आईचा पहारा नाकारला, आईचा वारसा नाकारला नाही. माया आणि मक्तेदारी यांत फरक करण्याचे भान येथे मुलीला येते, आईला येत नाही. ही विषमता गोड शेवटाखाली न झाकणे, हा या अल्पखर्ची विनोदी चित्रपटाचा प्रामाणिकपणा होय. मुलींच्या शिक्षणाचा विचार करताना विद्यापीठाचे दार उघडे असणे पुरेसे नसते. घरातील कामाचा भार मुलीऐवजी कोणी उचलावयाचा, हेही ठरवावे लागते. चित्रपट या प्रश्नापर्यंत आपल्याला आणतो आणि त्याचे उत्तर आईच्या बंद दाराआड ठेवून संपतो.