झुंजीतले सख्य

नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांचे दालन, ज्यास सर्वत्र आर्केड म्हणतात, त्याविषयीच्या दोन कलाकृतींचा परामर्श ह्या पानांत घेतलेला पाहून आमच्या काही वाचकांच्या कपाळास आठी पडेल. असल्या जागा म्हणजे शाळा चुकविणाऱ्या पोरांचे अड्डे, अशी समजूत देशोदेशींच्या सुशिक्षित घरांत होती, आणि ती अगदीच निराधार होती असेही नाही. परंतु त्या अड्ड्यांवर वाढलेली पिढी आता प्रौढ झाली असून आपल्या बाळपणाविषयी बोलू लागली आहे, आणि तिच्या बोलण्यात यंत्रांपेक्षा माणसेच अधिक येतात. विशेषतः झुंजीच्या खेळांभोवती जमणारी मंडळी एकमेकांविषयी ज्या जिव्हाळ्याने बोलतात, तो पाहून प्रश्न पडतो की, संध्याकाळभर एकमेकांस धूळ चारण्याचा उद्योग करणाऱ्यांच्या मनात हा स्नेह आला तरी कोठून? ह्या प्रश्नास जी कृती भिडते ती आम्ही चांगली समजतो. स्नेह होता, एवढेच सांगून जी डोळे पुसते ती आम्हांस कमी प्रतीची वाटते.

पहिली कृती 'द लॉस्ट आर्केड' हा २०१५ चा अमेरिकन माहितीपट. त्याचा दिग्दर्शक कर्ट व्हिन्सेंट आणि लेखिका आयरीन चिन. दुसरी 'हाय स्कोअर गर्ल' ही रेन्सुके ओशिकिरी ह्या जपानी चित्रकथाकाराची दहा भागांची कथा. ती २०१० पासून २०१८ पर्यंत मासिकातून क्रमशः आली. एक सत्यकथन, दुसरी कल्पित. एकीचे स्थळ न्यूयॉर्क, दुसरीचे तोक्योजवळील कावासाकी शहर. दोहोंचा विषय मात्र एकच आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. कॅपकॉम ह्या जपानी कंपनीने १९९१ मध्ये 'स्ट्रीट फायटर टू' हा खेळ बाजारात आणला. पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर उभे राहतात. प्रत्येक खेळणाराच्या हाताशी आठ दिशांना वळणारी एक दांडी आणि सहा कळा असतात. तीन ठोशांच्या, तीन लाथांच्या. योद्धे निरनिराळ्या देशांचे, निरनिराळ्या अंगकाठीचे. ज्याने त्याने आपल्या वृत्तीस रुचेल तो घ्यावा. जो हरला त्याचे नाणे बुडाले. जो जिंकला तो त्याच नाण्यावर पुढच्या गड्याची वाट पाहत उभा. अमेरिकेत पाळी लावण्याची रीत अशी की, पाव डॉलरचे आपले नाणे यंत्राच्या कडेवर ओळीत मांडून ठेवावयाचे. ती ओळ कोणी मोडीत नसे.

आता ह्या व्यवस्थेचा परिणाम पाहा. हरणाऱ्यास पैसे पडतात, म्हणून त्याला शिकणे भाग पडते. आणि शिकावयाचे कोणापासून, तर ज्याने आत्ताच आपले नाणे खाल्ले त्याच्यापासून. शेजारी उभे राहून त्याचा हात न्याहाळावयाचा, कधी भीड सोडून विचारावयाचेही. जिंकणाराची स्थितीही तितकीच परावलंबी. त्याच्यासमोर कोणी उभेच राहिले नाही, तर त्याच्या वाट्यास यंत्राशी खेळणे येते, आणि यंत्राच्या सगळ्या खोड्या त्याला केव्हाच पाठ झालेल्या असतात. तेव्हा आपल्या तोडीचा गडी तयार व्हावा ही त्याचीही गरज, आणि म्हणून आपलेच डाव तो दुसऱ्यास शिकवितो. जुन्या मल्लांना हे सांगावयास नको. ह्या सख्याचा उगम सद्भावात नव्हता, गरजेत होता. सद्भाव मागाहून आला, आणि गरजेतून आला म्हणूनच तो टिकला, असे आमचे मत आहे.

'द लॉस्ट आर्केड' हा ज्या दालनाचा मृत्युलेख आहे, ते चायनाटाउन फेअर न्यूयॉर्कच्या मॉट स्ट्रीटवर १९४० च्या दशकापासून होते. शहरभर त्याची प्रसिद्धी मात्र एका कोंबडीमुळे झाली. पिंजऱ्यातील ही कोंबडी गिऱ्हाइकाशी फुली-गोळ्याचा डाव खेळे, आणि तिला हरविणाऱ्यास पोटात भविष्याची चिठ्ठी असलेल्या बिस्किटांची पिशवी मिळे. कोंबडी गेल्यावर केल्व्हिन ट्रिलिन ह्या नामांकित लेखकाने १९९९ मध्ये 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात तिच्यावर लेख लिहिला. त्याच छताखाली रोज रात्री जमणाऱ्या मुलांवर त्या काळी कोणी तसे लिहिले नाही. ही उणीव भरून काढण्याची चित्रपटकर्त्यांची इच्छा स्तुत्य आहे. २०११ च्या फेब्रुवारीत दालन बंद पडले, तेव्हा त्यांनी तेथील माणसांना बोलते केले आणि त्यांचे बोलणे जतन केले. हे श्रेय त्यांच्यापासून कोणी हिरावून घेऊ शकणार नाही.

माणसेही बोलण्याजोगी आहेत. कृष्णवर्णीय, चिनी, स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतील, सगळ्या थरांतील मुले येथे एका यंत्रासमोर खांद्यास खांदा लावून उभी राहत. शहरात अन्यत्र त्यांची गाठ पडती तर कदाचित एकमेकांकडे पाहतीही ना. त्यांतील एकाची हकिकत आमच्या मनातून जात नाही. सरकारी व्यवस्थेने सोपविलेल्या पालकांच्या घरून तो पळाला आणि हिंडत ह्या दालनात येऊन स्थिरावला. मालकाने त्याला तेथेच काम दिले. त्याने स्वतःस जे नाव घेतले आहे, ते 'स्ट्रीट फायटर'मधील आकुमा ह्या योद्ध्याचे. आकुमा हा ह्या खेळातील भयंकर पुरुष, १९९४ च्या आवृत्तीत प्रथम गुप्तपणे घातलेला आणि क्वचितच कोणाच्या दृष्टीस पडणारा. ज्याला घर नाही असा मुलगा सर्वांत बलाढ्य आणि सर्वांत एकाकी पात्राचे नाव उचलतो, आणि त्याच नावाने जग त्याला हाक मारू लागते. असली गोष्ट कादंबरीकारास सुचती तर आम्ही तिला कृत्रिम म्हटले असते. येथे ती खरी आहे, आणि चित्रपटही तिच्याशी संयमाने वागतो.

इतरत्र मात्र हा संयम सुटतो. निळ्या-तांबड्या दिव्यांची झळाळी आणि तिच्याखाली संथ वाहणारे संगीत ह्यांचा मारा इतका होतो की, दालन पाहण्याऐवजी दालनाविषयीची हुरहूर पाहावी लागते. मुख्य उणीव अशी की, खेळाच्या मर्माकडे चित्रपटाचे लक्ष बेताचेच आहे. पडद्यावर योद्धे नाचतात, मुले ओरडतात. पण का ओरडली हे अनभिज्ञ प्रेक्षकास उमगत नाही. कुस्तीवर पुस्तक लिहून डाव न सांगावा, तसे हे झाले.

डाव समजला असता तर काय हाती लागते ह्याचे उदाहरण ह्याच दालनाशी निगडित आहे. जस्टिन वाँग हा खेळाडू चायनाटाउन फेअरमध्ये घडला. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात भरलेल्या इव्हो स्पर्धेत 'थर्ड स्ट्राइक' ह्या खेळात त्याची गाठ जपानच्या दाइगो उमेहाराशी पडली. उमेहाराच्या योद्ध्यात नखभर शक्ती उरली होती. वाँगने आपल्या योद्ध्याचा राखून ठेवलेला मारा सोडला. त्यात पंधरा लाथा असतात. त्या नुसत्या अडवून भागणारे नव्हते, कारण अशा माऱ्यापुढे अडवण्यातही थोडी शक्ती जाते, आणि उमेहाराजवळ तेवढीही नव्हती. एकच उपाय होता. घाव अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी दांडी मागे न ओढता घावाच्याच दिशेने पुढे ढकलावयाची. ही गोष्ट त्याने पंधरा वेळा केली आणि उलट वार करून डाव जिंकला. सभागृहात जो कल्लोळ उठला त्याचे चित्रण आजही उपलब्ध आहे. पुढे त्याच स्पर्धेचा अंतिम सामना उमेहारा हरला, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात आहे. ह्या प्रसंगात वाँग हरला; तरी त्याचे नाव तेव्हापासून उमेहाराच्या नावाशी जोडीनेच घेतले जाते. उमेहाराचे सामर्थ्य उघडे व्हावयास वाँगचा मारा लागला, आणि तो मारा न्यूयॉर्कच्या त्या कोंदट खोलीत वर्षानुवर्षे घासून तयार झाला होता. सख्य म्हणजे काय ते येथे शब्दावाचून दिसते.

चित्रपटाच्या उत्तरार्धात दोन वारस दाखविले आहेत. जुना व्यवस्थापक हेन्री सेन ह्याने २०११ मध्येच ब्रुकलिन भागात झुंजीच्या खेळाडूंसाठी नवी जागा उघडली. आणि २०१२ मध्ये मॉट स्ट्रीटवरील दालनही नव्या चालकाने पुन्हा सुरू केले, पण आता तेथे बक्षिसाची तिकिटे देणारे खेळ आले आणि आईबापांसह लहान मुले येऊ लागली. ह्या दुसऱ्या वारसाकडे चित्रपट दुःखाने पाहतो. आम्हांस हे दुःख कळते, पण त्यात थोडा अन्याय आहे असे वाटते. घरोघर यंत्रे आल्यावर आणि दूरच्या माणसाशी तारेवरून खेळता येऊ लागल्यावर नाण्यांची ओळ कोणत्या दालनात टिकली असती? जागेचे भाडे स्मृतींवर चालत नाही. हरवले ते काय, हेही चित्रपटाने नीट हेरलेले नाही. खेळ हरवला नाही. तो पूर्वीपेक्षा अधिक खेळला जातो. हरवला तो शेजारी उभा असलेला प्रतिस्पर्धी, ज्याचा श्वास ऐकू येई आणि ज्याच्याबरोबर हरल्यावर जिना उतरावा लागे.

'हाय स्कोअर गर्ल'मध्ये हा प्रतिस्पर्धी सर्वस्वी डोळ्यांपुढे आहे. १९९१ साल. हारुओ यागुची हा प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गातील मुलगा अभ्यासात ढ, वर्गात नावडता, खेळात मात्र तरबेज. आकिरा ओनो ही त्याच्याच वर्गातील धनाढ्य घरची, सर्वगुणसंपन्न मुलगी. ती त्याला त्याच्याच राज्यात, म्हणजे आर्केडमध्ये, भेटते आणि लोळविते. लेखकाने तिच्या हाती दिलेला योद्धा आहे झांगीफ: अस्वलासारखा रशियन पहिलवान, चालीस मंद, ज्याची भयंकर पकड साधण्यासाठी दांडी पूर्ण वर्तुळात फिरवावी लागते आणि शत्रूच्या अगदी अंगाशी भिडावे लागते. हारुओचा योद्धा गाइल: ज्याची हत्यारे दांडी मागे धरून ठेवल्यावाचून सुटत नाहीत, ज्याचा सारा डाव अंतर राखून वाट पाहण्याचा. बडबड्या मुलाच्या हाती सावध माघार आणि अबोल मुलीच्या हाती अंगावर जाणे! ज्याला हे योद्धे ठाऊक आहेत त्याला दोन्ही स्वभाव पहिल्याच प्रकरणात वाचता येतात. हारुओ लबाडीच्या पकडी करू लागतो, तेव्हा ती उठून येते आणि त्याला प्रत्यक्षच चोप देते. जपानी दालनांत दोन यंत्रे पाठीस पाठ लावून मांडण्याची चाल आहे. त्यामुळे पलीकडील माणूस दिसत नाही, आणि त्याच्याकडे जाण्यासाठी उठून वळसा घालावा लागतो. ह्या कथेतील बरेचसे नाट्य त्या वळशात आहे.

ओनो साऱ्या कथेत बोलत नाही. दहा भागांत तिच्या तोंडी संभाषण असे नाहीच. घरी कडक शिक्षिकेच्या पहाऱ्यात दिवस मोजणारी ही मुलगी आपला राग, आनंद, निरोप, सारे त्या दांडीने आणि क्वचित हाताच्या फटक्याने सांगते. पहिल्या प्रकरणसमूहाच्या अखेरीस ती अमेरिकेस जावयास निघते, आणि हारुओ विमानतळावर तिला एक खेळण्यातली अंगठी देतो. प्रसंग भाबडा आहे. पण आधीची शंभर पाने ह्या दोघांनी एकमेकांस डावांतून ओळखलेले असल्यामुळे तो सोसतो. वाचकास खेळ समजावून सांगण्यात ओशिकिरी कंटाळा करीत नाही, आणि त्याचे फळ त्याला येथे मिळते.

दोष नाहीत असे नाही. जुन्या खेळांची नामावळी कधी कधी दुकानदाराच्या यादीसारखी लांबते. पुढे हिदाका ही तिसरी मुलगी येते; तिच्या घरच्या दुकानाबाहेर ठेवलेल्या यंत्रांमुळे ती हारुओच्या निमित्ताने ह्या खेळाकडे ओढली जाते. ती फार चांगली रंगली आहे, हरण्यातून तिचे शहाणे होणे तर ओनोपेक्षाही खरे वाटते; परंतु तिच्यामुळे कथा प्रेमाच्या नेहमीच्या त्रिकोणात शिरते आणि सख्याचा अधिक दुर्मीळ विषय मागे पडतो. हारुओची आई मात्र प्रत्येक पानावर हवीशी वाटते. मुलाच्या ह्या नादाकडे हसून पाहणारी आणि त्याच्या मैत्रिणीस तोंडभर स्वागत करणारी अशी गृहिणी चित्रकथांत आम्ही थोडी पाहिली.

ह्या कथेत गाइल आणि इतर योद्धे हारुओच्या मनात येऊन त्याच्याशी बोलतात, त्याला धीर देतात, कानउघाडणी करतात. पण हे योद्धे पडले कंपन्यांच्या मालकीचे. एसएनके प्लेमोर ह्या खेळ-कंपनीने आपली पात्रे परवानगीवाचून वापरल्याची तक्रार केली आणि २०१४ मध्ये कथेची प्रसिद्धी थांबली. पुढल्या वर्षी तडजोड झाली, आणि २०१६ मध्ये कथा पुन्हा सुरू झाली. बालपणीच्या सवंगड्यांचे नाव घेण्यास परवाना लागावा, हा ह्या पिढीचाच नवा प्रसंग.

कथेवरून २०१८ मध्ये चलच्चित्रमालिकाही निघाली. ज्यांना चित्रकथा वाचण्याची सवय नाही त्यांनी तिच्यापासून आरंभ करावयास हरकत नाही. ओनोच्या पात्रास आवाज देण्यासाठी तीत एक नटी रीतसर नेमलेली आहे. तिच्या वाट्यास हुंकार आणि रडणे ह्यांखेरीज फारसे काही आलेले नाही, आणि ती आपले काम उत्तम करते.