शेजारच्या गावाची वाट आणि तिचे वाङ्मय

'फुटपाथ' हा शब्द आपण मुंबई-पुण्याहून बरोबर आणला, पण विमानतळावर उतरल्याबरोबर त्याचा अर्थ बदलला हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. आपला फुटपाथ म्हणजे रस्त्याच्या कडेची फरसबंदी. फेरीवाले, खोदकाम आणि उभ्या केलेल्या स्कूटर्स वजा जाता जे काही उरते ते. इंग्रजांचा फुटपाथ रस्त्यापासून फटकून वागतो. तो शेतातून जातो, कुंपणातल्या पायऱ्या चढून उतरतो, कधी कुणाच्या परसदाराच्या भिंतीला घासून जातो. आपल्या भाषेत त्याला पायवाटच म्हणायला हवे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा नोंदलेल्या सार्वजनिक वाटा, घोडेवाटा धरून, सुमारे १,४०,००० मैल भरतात. त्यांतल्या बहुतेक कुणी निसर्गसौंदर्य पाहण्यासाठी पाडलेल्या नाहीत. माणसे चर्चला, गिरणीवर, आठवड्याच्या बाजाराला आणि शेजारच्या गावी कामाला जात होती, म्हणून त्या पडल्या.

या वाटांवर इंग्रजीत जे लिहिले गेले आहे त्याचा ढीग मोठा आहे. गेली काही वर्षे मी तो सवडीने वाचत आलो. माझी तक्रार अशी, की या वाङ्मयाला पर्वत आवडतो, प्राचीनता आवडते, आणि सगळ्यांत जास्त आवडतो तो चालणाऱ्या लेखकाचा स्वतःचा आत्मा. या गावाहून त्या गावाला जाणारी साधी वाट मात्र त्याला आवडत नाही. विलायतेच्या आपल्या मराठी प्रवासवर्णनांबद्दल तर बोलायलाच नको. त्यांत लंडन असते, स्ट्रॅटफर्ड असते, वर्ड्सवर्थचे घर असते. पण एका मध्यम गावातून दुसऱ्या मध्यम गावात पायी गेलेला मराठी लेखक मला तरी अजून भेटायचा आहे.

उदाहरणासाठी सरे परगण्यातला एकच तुकडा घेतो: फार्नम ते गिल्फर्ड. अंतर सुमारे ११ मैल. मोटारीने 'हॉग्ज बॅक' नावाच्या चुनखडीच्या अरुंद डोंगरधारेवरून जावे तर वीसेक मिनिटांचे काम. पायी जाणारा या धारेच्या दक्षिणेकडून जातो. फार्नम स्टेशनजवळ, भरधाव मोटारींच्या रस्त्याला लागूनच 'नॉर्थ डाउन्स वे' हा राष्ट्रीय पदमार्ग सुरू होतो. तो १९७८ साली खुला झाला आणि १५३ मैलांवर डोव्हरला संपतो. आपल्याला त्याचा पहिला दिवसच पुरे. सील, पटनम, कॉम्प्टन अशी लहान गावे, मध्ये गोल्फची मैदाने, थोडे रान, आणि शेवटी वे नदीच्या काठाने गिल्फर्ड. मी ही वाट एकाहून अधिक वेळा चाललो आहे. ती फार सुंदर आहे असे म्हणणार नाही, पण चांगली आहे.

या ११ मैलांवर सर्वांत प्रसिद्ध पुस्तक हिलेर बेलॉकचे, 'द ओल्ड रोड', १९०४ सालचे. विंचेस्टरहून कँटरबरीला संत टॉमस बेकेटच्या समाधीकडे यात्रेकरू ज्या वाटेने जात, ती अतिप्राचीन वाट शोधून काढण्याची त्याची प्रतिज्ञा. पुस्तक झपाटून टाकणारे आहे यात शंका नाही. बेलॉकचे गद्य म्हणजे उतारावरून धावणारा घोडा. वाट सापडते तिथे तो वर्णन करतो. सापडत नाही तिथे तर्क लढवतो. जुनी वाट कोरड्या जमिनीवरून, टेकडीच्या दक्षिण उताराने जाणार, दलदल टाळणार, असे नियम तो बांधतो आणि त्या नियमांनी मधली रिकामी जागा भरून काढतो. वाचताना आपण मान डोलावत जातो. पुस्तक मिटल्यावर लक्षात येते, की ज्या नियमांनी वाट सिद्ध केली ते नियम त्याच वाटेवरून काढलेले होते.

याच्याही मागची गोष्ट अधिक मजेची आहे. 'यात्रेकरूंची वाट' हे नाव या भागात ठसले ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. सरकारी नकाशे काढणाऱ्या ऑर्डनन्स सर्व्हेमधल्या एडवर्ड रेनुआर्ड जेम्स नावाच्या अधिकाऱ्याने १८७१ साली पश्चिम सरेमधल्या या वाटेवर एक पुस्तिका काढली, आणि नाव नकाशावर चढले. एकदा नकाशावर चढलेले नाव कोण खोडणार? चुनखडीच्या कडेने प्राचीन काळापासून ये-जा होती हे खरे. पण यात्रेकरूंचे थवेच्या थवे इथून गेले याला म्हणावा तसा पुरावा नाही, असे पुढच्या इतिहासकारांनी दाखवून दिले. चॉसरचे यात्रेकरू तर लंडनच्या सदर्कमधून, पार वेगळ्याच रस्त्याने निघाले होते. तरीही कॉम्प्टनजवळ मोठा रस्ता आपल्या वाटेवरून जातो तिथल्या एका पुलावर लाकडी क्रूस उभे आहेत, केवळ खालून यात्रेकरूंची वाट जाते म्हणून. पुलाचा आराखडा एडविन लट्यन्सचा; होय, नव्या दिल्लीवाल्या लट्यन्सचाच. दंतकथा काँक्रीटमध्ये ओतायला असा माणूस मिळाला तर ती पक्की होणारच.

बेलॉकवर माझा आक्षेप तो चुकला हा नाही. आक्षेप असा, की त्याच्या पुस्तकात सील आणि पटनम ही गावे साक्षीदार म्हणून येतात, गावे म्हणून येत नाहीत. १९०४ मध्येही त्या वाटेने कुणी पोरगा शाळेत जात असेल, कुणी बाई अंडी घेऊन बाजाराला निघाली असेल. बेलॉकला ती दिसत नाहीत. त्याला शेकडो वर्षांपूर्वीचा यात्रेकरू दिसतो.

इथे मराठी वाचकाला वारी आठवल्याशिवाय राहणार नाही. आळंदीची पालखी पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी असे मुक्काम करत पंढरपूरला पोचते. म्हणजे शेजारच्या गावाहून शेजारच्या गावालाच जाते, फक्त थांबत नाही. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला आजची घडी घालून दिली. ती वाट शोधायला कुणा बेलॉकची गरज पडली नाही, कारण ती दर आषाढात पायांखाली येते. इरावती कर्व्यांचा वारीवरचा 'वाटचाल' हा लेख मी बेलॉकनंतर मुद्दाम पुन्हा वाचला. बाई वाटेच्या प्राचीनतेत शिरतच नाहीत. बरोबर कोण चालते आहे, कोण कुणाबरोबर जेवायला बसत नाही, एका विठ्ठलाकडे निघालेल्या दिंड्यांत जातीची रेघ कुठून जाते, हे त्या पाहतात आणि त्यांना ते बोचते. पाने थोडी आहेत, पण वाटेवरच्या वाङ्मयाला मी हीच कसोटी लावतो: बरोबरची माणसे दिसली का?

या कसोटीला बेलॉकच्या आधीचा एक फार्नमकरच चांगला उतरतो. विल्यम कॉबेट १७६३ साली फार्नमला जन्मला, पुढे तिथल्याच चर्चच्या आवारात पुरला गेला. त्याचे 'रूरल राइड्स' १८३० साली पुस्तकरूपाने आले. तो घोड्यावरून जाई, पायी नव्हे. पण टोलचे मोठे रस्ते टाळून आडवाटा धरणे हा त्याचा बाणा होता, कारण मजुराच्या ताटात काय आहे ते हमरस्त्यावरून दिसत नाही. तो सलगमाचे पीक बघतो, मजुरी विचारतो, जमीनदारांना लाखोली वाहतो. हाइंडहेडच्या माळावरून जायचे नाही असा पण करून तो एकदा निघाला, वाटाड्याने अंधारात आणि पावसात नेमके त्याच माळावर नेऊन सोडले. कॉबेटने वाट चुकवल्याबद्दल पैसे द्यायचे साफ नाकारले. हा प्रसंग वाचताना सातारकडचा एखादा तिरसट मामा आठवतो. फार्नमजवळच्या ज्या वाळूच्या टेकाडावर तो लहानपणी गडगडत खेळला ते आपल्या मुलाला दाखवायला तो वाकडी वाट करून जातो. विद्यापीठांपेक्षा मी तिथे जास्त शिकलो, असा त्याचा सूर. कॉबेट दुराग्रही आहे, काही जमातींबद्दल तर तो सहन होणार नाही इतके वाईट बोलतो. पण वाट कुणाच्या उपयोगाची, हा प्रश्न त्याच्या नजरेआड होत नाही.

एडवर्ड टॉमसचे 'द इक्नील्ड वे' (१९१३) हे बेलॉकच्या नेमके उलट टोक. वाट सापडत नाही तिथे तो सापडत नाही असे सांगून मोकळा होतो. उदास पुस्तक आहे. त्यातली पावसाच्या रात्रीची पाने मात्र विसरता येत नाहीत. आल्फ्रेड वेनराइटबद्दल इथे फार लिहीत नाही, त्याचे भक्त आपल्या मंडळींतही आहेत. केंडल नगरपालिकेचा हा खजिनदार, मोटार कधी शिकला नाही, बसने डोंगराच्या पायथ्याशी जायचा आणि प्रत्येक पान हाताने लिहून-रेखाटून काढायचा. त्याच्या कामाला नमस्कारच. परंतु त्याच्या १९७३ च्या 'कोस्ट टू कोस्ट' मार्गातले काही तुकडे सार्वजनिक हक्काच्या वाटेवर नव्हतेच, आणि पुढच्या आवृत्त्यांत मार्ग बदलावा लागला. चांगले पुस्तक हजारो माणसांना चालायला लावू शकते, पण हक्क देऊ शकत नाही.

हक्क देते ते वेगळेच वाङ्मय. ते कुणी वाचत नाही. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला आपल्या वाटांचा अधिकृत नकाशा आणि त्यासोबत निवेदन तयार करावे लागले. निवेदनात वाटेचा क्रमांक, कुठून निघते, कुठे संपते, एवढेच रूक्ष. या नकाशावर वाट असेल तर ती आहे याचा तो निर्णायक पुरावा; मालकाने वाद घालून उपयोग नाही. आपल्याकडे गावनकाशात पायवाट तुटक रेषेने दाखवतात आणि वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता येते, त्याचाच हा भाऊबंद. बांधावरून ज्यांच्या घरात दोन पिढ्या भांडणे झाली त्यांना यातले नाट्य समजावून सांगायला नको.

पण नकाशावर नसेल तर? २००० सालच्या कायद्याने ठरवले, की १९४९ पूर्वीच्या ज्या वाटा १ जानेवारी २०२६ पर्यंत नोंदल्या जाणार नाहीत त्यांतल्या पुष्कळांवरचा हक्क कायमचा बुडेल. रॅम्ब्लर्स या पदभ्रमण करणाऱ्यांच्या संस्थेने २०२० मध्ये स्वयंसेवकांना जुने नकाशे तपासायला बसवले, आणि ४९,००० मैलांहून अधिक हरवलेल्या वाटा निघाल्या. मुदत २०२३ मध्ये २०३१ पर्यंत ढकलली. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने ती रद्दच करणार असल्याचे जाहीर केले. पाव शतक ही टांगती तलवार. आणि एवढ्या काळात वाटांवर निघालेल्या गुळगुळीत कागदाच्या पुस्तकांत तिचा उल्लेख शोधावा लागतो, याला काय म्हणावे?

याच २०२० साली, टाळेबंदीत, डॅन रेव्हन-एलिसन या भूगोलाच्या माणसाने 'स्लो वेज' नावाचा उद्योग आरंभला. कल्पना साधी: ब्रिटनमधले प्रत्येक गाव आणि शहर शेजारच्या गावाशी पायवाटांनी जोडायचे. सुमारे ७०० स्वयंसेवकांनी घरी बसून नकाशावर ७,००० हून जास्त मार्ग आखले, एकूण १,००,००० किलोमीटरांच्या वर. मग लोकांनी ते चालून पाहायचे आणि परीक्षण लिहायचे. मी अशी बरीच परीक्षणे वाचली. वाङ्मयीन गुण विचाराल तर शून्य. इथे चिखल, तिथे फाटकाची कडी गंजलेली, पुढे अर्धा मैल पेव्हमेंटशिवाय रस्ता, बाबागाडी नेऊ नका. पण समोरून कोण येणार आहे, त्याच्या पायात काय असेल, त्याच्याबरोबर लहान मूल असेल का, हे लिहिणाऱ्याने मनात धरलेले असते. बेलॉकच्या अख्ख्या पुस्तकात मला ते कुठे भेटले नाही.

आणि एक कागद. रोजच्या वापराने नवी वाटसुद्धा सार्वजनिक होऊ शकते. १९३२ च्या कायद्याने त्याला वीस वर्षांचा हिशेब घालून दिला (आपल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापनाही त्याच सालची), आज तो नियम १९८० च्या हायवेज ॲक्टमध्ये आहे. लोक वीस वर्षे खंड न पडता, जबरदस्तीने नव्हे, चोरून नव्हे, आणि परवानगी मागून नव्हे, असे चालत असतील, तर वाट सार्वजनिक धरता येते. इंग्रजीत या चालण्याला जे म्हणतात त्याला आपला 'हक्काने' हा शब्द तंतोतंत बसतो. हक्काने जेवायला येणारा पाहुणा ज्या अर्थी हक्काने येतो, त्याच अर्थी. मग चालणारे पुराव्याचे फॉर्म भरतात: कोणत्या सालापासून चालता? वर्षातून किती वेळा? कशासाठी? फाटकाला कधी कुलूप होते का? कुणी अडवले का? सोबतच्या नकाशावर वाट रंगवून खाली सही करायची.

फॉर्म भरण्यात आपली हयात गेली. व्हिसाचे, मुदतवाढीचे, कायम वास्तव्याचे. प्रत्येकात परवानगी कधी मिळाली, तिचा क्रमांक काय, हे लिहायचे आणि छातीत धडधडायचे. या फॉर्मातही तो प्रश्न असतो: या वाटेने चालण्याची परवानगी तुम्ही कधी मागितली होती का? इथे 'नाही' असे लिहिले, तरच पुराव्याला वजन येते.