‘स्पर्श’: हात मागे ठेवण्याचं शिक्षण

सई परांजपे यांच्या ‘स्पर्श’कडे (१९८०) प्रेमकथा म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. मला तो शिकवण्यावरचा चित्रपट वाटतो.

अंध मुलांच्या शाळेचा मुख्याध्यापक अनिरुद्ध (नसीरुद्दीन शाह) स्वतः दृष्टिहीन आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर मिटून गेलेली कविता (शबाना आझमी) या शाळेत मुलांना शिकवायला येते. मदत हवी, कीव नको, हा अनिरुद्धचा बाणा. असली वाक्यं भाषणात टाळ्या घेतात आणि विरून जातात. परांजपे त्याचा प्रसंग करतात.

अनिरुद्धच्या कार्यालयात कॉफी येते. कविता सहज मदतीला सरसावते आणि तो भडकतो. एवढं रागावण्यासारखं काय झालं? पण आपल्याकडे आलेल्या पाहुण्याची सरबराई करण्याचा यजमानाचा मान तिनं नकळत काढून घेतलेला असतो. अंध मुलांना शिकवणाऱ्याची कसोटी इथंच लागते. मूल कप शोधत असतं, शर्टाचं बटण लावत असतं. तेवढा वेळ शिक्षकाला आपला हात मागे ठेवता आला पाहिजे. डोळस माणसाला ते फार जड जातं.

दिग्दर्शिका म्हणून परांजपेही हाच संयम पाळतात. बरंचसं चित्रीकरण दिल्लीच्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनमध्ये झालं. पडद्यावरची मुलं डोळ्यांतून पाणी काढण्यासाठी उभी केलेली नाहीत. ती चारचौघा मुलांसारखीच खट्याळ आहेत. नसीरुद्दीनही काळ्या चष्म्याचा आधार घेत नाहीत. चुकून कविताच्या दारी गेलेल्या अनिरुद्धनं तिचं गाणं ऐकलेलं असतं. पुढे एका मेजवानीत तो तिला केवळ आवाजावरून ओळखतो. त्याचं ऐकणं हेच त्याचं पाहणं, हे इथं कुणी समजावून सांगत नाही.

पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगाच नव्हे. जो बाणा शाळेला तारतो, तोच अनिरुद्धला एकटा पाडतो. कविताचं प्रेम म्हणजे त्यागाची हौस, अशी शंका त्याला पोखरते आणि ठरलेलं लग्न तो मोडतो. मुलांना स्वावलंबन शिकवणाऱ्या मास्तरला दुसऱ्याचा आधार मोकळेपणानं घेण्याचा धडा मात्र कुणी दिलेला नसतो.

कविता शाळा सोडत नाही. संबंध तुटल्यावरही तिचे वर्ग चालू राहतात. अनिरुद्धच्या शंकेला याहून चोख उत्तर नाही: केवळ दयेपोटी आलेली बाई एव्हाना निघून गेली असती.