‘ख्रिस्त’ आणि ‘कृष्ण’ : एका व्युत्पत्तीची परीक्षा

कै. गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर यांचे सांगली येथे १९४५ साली देहावसान झाले. त्यांचा ‘ख्रिस्त परिचय’ हा ग्रंथ १९४६ साली छापला गेला. २०१६ साली तो पुनर्मुद्रित झाल्यामुळे सातारा-सांगलीकडील संग्राहकांत त्याची चर्चा पुन्हा सुरू झाली. येशू जन्माने हिंदु, त्याची मातृभाषा तामिळ व मूळ नाव केशव कृष्ण, असे त्यात प्रतिपादन आहे. पुढे पु. ना. ओक यांनी ‘ख्रिश्चॅनिटी’ म्हणजे ‘कृष्णनीति’, ‘व्हॅटिकन’ म्हणजे ‘वाटिका’ अशी समीकरणे मांडली. बाबारावांनी अंदमानात सोसलेल्या कारावासापुढे कोणीही मस्तक नमवील. परंतु प्रमेयाची परीक्षा प्रमाणांनीच व्हावयाची.

प्रथम वंशावळ पाहू. ही कल्पना मूळची इकडची नव्हेच. व्होल्ने या फ्रेंच ग्रंथकाराने १७९१ साली ख्रिस्तनामाचा संबंध कृष्णाशी जोडला. १८६९ साली जाकोल्यो याने ‘येझेउस क्रिस्त्ना’ असे नावच बनविले, व मॅक्स म्युलरने त्याच्या आधारांचा फोलपणा दाखविला. स्वदेशी म्हणून आपण जे उराशी धरतो, ते पॅरिसचे उष्टे आहे.

आता शब्द. ‘ख्रिस्तोस’ हा ग्रीक शब्द ‘ख्रिओ’, म्हणजे तेल चोपडणे, या धातूपासून झाला. हिब्रू ‘माशिआह’ याचे ते सरळ भाषांतर होय, अर्थ ‘अभिषिक्त’. म्हणजे ‘ख्रिस्त’ ही पदवी आहे, नाव नव्हे. ‘कृष्ण’ म्हणजे काळा. रशियन ‘च्योर्नी’ हा त्याचा खरा भाऊबंद. शिवाय, मूळ सगोत्र शब्दांत ग्रीक ‘ख’कारासमोर संस्कृतात ‘ह’ किंवा ‘घ’ येतो, ‘क’ नव्हे : ‘खेइमोन’ व ‘हिम’, ‘खेन’ व ‘हंस’. बंगालीतील ‘केष्टो’ हा उच्चार साक्षीस आणतात. परंतु तो कृष्णशब्दाचा उत्तरकालीन अपभ्रंश पहिल्या शतकातील पॅलेस्टाइनास कसा पोचला, हे कोणी सांगत नाही. अक्षरसाम्यावरूनही निर्वचन करण्याची मुभा यास्काने दिली हे खरे. पण ती वेदार्थ लावण्यासाठी, इतिहास रचण्यासाठी नव्हे.

‘व्हॅटिकन’ शब्द ख्रिस्तपूर्व आहे यात शंका नाही. होरेसच्या काव्यात त्या टेकडीचे नाव आहे. पण ख्रिस्तपूर्व म्हणून तो संस्कृत होत नाही. ‘आमेन’ हा शब्दही ‘ॐ’काराशी जोडतात. त्याचे आप्त शोधण्यास वेदांकडे जाण्याचे कारण नाही. ते आपल्या मोडी रुमालांतच आहेत. ‘अमानत’, ‘अमीन’, ‘इमान’ हे अरबी शब्द त्याच सेमिटिक धातूचे. अर्थ दृढता, विश्वास.

मग ख्रिस्ती शब्दांत परधर्मीय मूळ नाहीच काय ? पुष्कळ आहे, फक्त ते लेखी पुराव्याने मिळते. ‘ईस्टर’ हे नाव इओस्त्रे देवीवरून आले, असे बीड या इंग्रज साधूनेच ७२५ साली लिहिले. परंतु पोर्तुगीज ‘पाश्कोआ’ हिब्रू ‘पेसाह’वरून आल्याने सणाचे मूळ त्या देवीत शोधता येत नाही. ‘इगर्जी’च्या मुळाशी असलेला ‘एक्लेसिआ’ अथेन्सच्या नागरिकांच्या सभेचे नाव होता. ‘मार्टिन’मध्ये मार्स हा रोमन युद्धदेव, तर ‘इसिदोर’मध्ये ईसिस ही मिसरी देवी आहे. आपल्याकडील उत्तम उदाहरण फादर स्टीफन्सचे. त्याच्या १६१६ साली छापलेल्या क्रिस्तपुराणात स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हटले आहे. उलट पंडिता रमाबाईंनी १९२४ च्या आपल्या बायबलात असे हिंदु संस्कार असलेले शब्द कटाक्षाने टाळले. एकाने शब्द घेतले, दुसरीने नाकारले. दोघांचीही श्रद्धा ख्रिस्तीच राहिली. शब्दाचे कूळ म्हणजे श्रद्धेचे कूळ नव्हे.

हा वाद केवळ वैयाकरणांचा नाही. ज्या कसोटीने ‘ख्रिस्त’ हा ‘कृष्ण’ ठरतो, त्या कसोटीने कोणतीही बनावट सनद खरी ठरेल. महाबळेश्वरी उगम पावून सांगलीवरून वाहणाऱ्या कृष्णामाईचे नाव ग्रीकांनी ठेवले, असे उद्या कोणी म्हटल्यास त्यास आपण हसू. दप्तर तपासताना जी कठोरता आपण शिक्का, कागद व मिती यांना लावतो, तीच शब्दांनाही लावली पाहिजे.