यादीपलीकडचे पक्षिनिरीक्षण

हौशी पक्षिनिरीक्षकांसाठी लिहिलेली पुस्तके ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारची पुस्तके पक्षी ओळखायला शिकवतात. आकार, रंग, चोच, आवाज, आढळ अशा क्रमाने ती माहिती देतात. ती हाताशी घेऊन बागेत किंवा अभयारण्यात हिंडले, की समोरच्या पक्ष्याचे नाव सापडते. दुसऱ्या प्रकारची पुस्तके नाव कळल्यानंतर पुढे काय करायचे ते सांगतात. आपल्या शाळांच्या ग्रंथालयांत पहिल्या प्रकारची पुस्तके आता बऱ्यापैकी दिसतात, दुसऱ्या प्रकारची मात्र क्वचितच. म्हणून आम्ही येथे दुसऱ्या प्रकारच्या एका पुस्तकाचा परामर्श घेणार आहोत. डेव्हिड लॅक यांचे 'द लाइफ ऑफ द रॉबिन' हे पुस्तक १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले. परदेशातील एका पक्ष्यावरच्या, ऐंशी वर्षांहून जुन्या पुस्तकाचे मराठी शिक्षकाला आज काय काम, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शोधणे हाच या लेखाचा हेतू आहे.

लेखक आणि त्याचा पक्षी

लॅक (१९१०-१९७३) पुढे ऑक्सफर्डच्या एडवर्ड ग्रे संस्थेचे संचालक झाले. गालापागोस बेटांवरील फिंच पक्ष्यांवरचे त्यांचे 'डार्विन्स फिंचेस' (१९४७) हे पुस्तक उत्क्रांतीच्या अभ्यासकांना परिचित आहे. पण रॉबिनचा अभ्यास करीत होते तेव्हा ते संशोधन संस्थेत नव्हते. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात डार्टिंग्टन हॉल नावाची शाळा होती, तेथे ते जीवशास्त्र शिकवीत होते. शाळेच्या आसपासची झाडी आणि बागा हेच त्यांचे अभ्यासक्षेत्र होते. तास संपल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी जे पाहता येईल ते पाहायचे, असा क्रम काही वर्षे चालला.

येथे नावाचा घोटाळा टाळला पाहिजे. हा रॉबिन म्हणजे आपला चीरक नव्हे आणि दयाळही नव्हे. चिमणीएवढा, पाठीने तपकिरी, चेहरा व छाती तांबूस नारिंगी असा हा युरोपातला पक्षी आहे. इंग्लंडमध्ये तो इतका माणसाळलेला आहे, की माळी वाफा खणू लागला की उघडे पडणारे किडे टिपायला त्याच्या पायाशी येऊन बसतो. आपल्याकडे नांगरामागे गायबगळे येतात तसेच हे. इंग्रजांच्या घरोघरी त्याची ओळख. ज्याच्याबद्दल सगळ्यांना सगळे ठाऊक आहे असे वाटते, असा हा पक्षी. लॅक यांनी नेमका तोच निवडला, हे या पुस्तकाचे पहिले वैशिष्ट्य.

कडीने काय साधले

रॉबिनचे नर व मादी सारखेच दिसतात. बागेत आज दिसलेला रॉबिन कालचाच की दुसरा, गाणारा नर की मादी, हे नुसते पाहून कळत नाही. लॅक यांनी पक्षी पकडून त्यांच्या पायांत रंगीत कड्या घातल्या आणि ते सोडून दिले. प्रत्येकाची रंगसंगती वेगळी, त्यामुळे दुरून पाहिले तरी पक्षी ओळखता येऊ लागला. 'रॉबिन' या जातीच्या जागी 'हा रॉबिन' समोर आला.

ही युक्ती अगदी नवी नव्हती. आयर्लंडमधील फर्मनॅ परगण्याचे सर्वेक्षक जे. पी. बर्किट यांनी १९२०च्या दशकात आपल्या बागेतील रॉबिनना कड्या घातल्या होत्या. बर्किट रंगांध होते, म्हणून त्यांनी रंगांवर भिस्त न ठेवता वेगवेगळ्या आकारांच्या कड्या वापरल्या. रस्ते-पुलांची कामे पाहणारा हा गृहस्थ फावल्या वेळात पक्षिशास्त्राला एक नवी पद्धत देऊन गेला. लॅक यांनी हे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे.

कड्यांमुळे जे उघड झाले ते सांगण्यासारखे आहे. शरद ऋतूत रॉबिनच्या माद्याही गातात आणि नरांप्रमाणेच स्वतःची स्वतंत्र हद्द राखतात. भर हिवाळ्यात मादी आपली हद्द सोडून एखाद्या नराच्या हद्दीत जाते आणि जोडी जमते. घरटे बांधायला तेव्हा अजून कित्येक आठवडे असतात. 'गातो तो नर' हे गृहीत धरणाऱ्या निरीक्षकाला यातले काहीच दिसले नसते. वर्षानुवर्षे अंगणात असलेल्या पक्ष्याबद्दलची ही माहिती केवळ एकेक पक्षी वेगळा ओळखता न आल्यामुळे झाकलेली होती.

लाल छाती आणि पाठ्यपुस्तक

पुस्तकातील सर्वांत प्रसिद्ध भाग भांडणांचा आहे. लॅक यांनी पेंढा भरलेला रॉबिन दुसऱ्या रॉबिनच्या हद्दीत ठेवला. हद्दीच्या मालकाने त्याच्यापुढे छाती फुगवून गाणे म्हटले, धमकावले, कधी चोची मारल्या. एका मादीने तर त्या पुतळ्याचे डोके उडेपर्यंत हल्ला केला आणि तो उचलून नेल्यावरही त्या रिकाम्या जागेवर झेप घेत राहिली. उलट छाती तपकिरी रंगवलेला पुतळा ठेवला तर बहुधा त्याच्याकडे दुर्लक्ष झाले. नुसता लाल पिसांचा जुडगा ठेवला तरी काही पक्षी त्याला धमकावू लागले. यावरून लॅक यांनी निष्कर्ष काढला, की लाल छाती हे प्रामुख्याने प्रतिस्पर्ध्याला धमकावण्याचे साधन आहे.

निको टिनबर्गन यांनी आपल्या 'द स्टडी ऑफ इन्स्टिंक्ट' (१९५१) या ग्रंथात हा प्रयोग घेतला आणि तेथून तो जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. जाताना मात्र त्याचे रूप बदलले. पाठ्यपुस्तकात उरले ते एवढेच: लाल रंग दिसला की रॉबिन हल्ला करतो. मूळ पुस्तकात असे एका ओळीचे विधान नाही. कित्येक रॉबिनांनी पुतळ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, काहींनी एकदा हल्ला केला आणि दुसऱ्या खेपेस केला नाही, हेही लॅक यांनी नोंदवले आहे. आमच्या मते शिक्षकांनी हे पुस्तक मुळातून वाचण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. अपेक्षेप्रमाणे न वागणारे पक्षी वहीत राहू दिले, की विज्ञान कसे घडते ते दिसते. ते गाळले, की उरतो तो पाठांतराचा मुद्दा.

सरासरी आयुष्याचे गणित

दुसरा भाग वर्गात थेट वापरता येण्याजोगा आहे. 'आमच्या बागेत गेली सात-आठ वर्षे तोच रॉबिन येतो' असे इंग्लंडमध्ये पुष्कळजण सांगत. कड्यांच्या नोंदींवरून दिसले, की दरवर्षी सुमारे ६० टक्के प्रौढ रॉबिन मरतात. आता फळ्यावर गणित मांडा. १०० रॉबिन घेतले तर वर्षअखेर ४० उरतील, पुढे १६, मग ६, २ आणि १. वर्षारंभी जिवंत असलेल्यांची बेरीज १०० + ४० + १६ + ६ + २ + १ = १६५. जो पक्षी ज्या वर्षी मरतो त्या वर्षी तो सरासरी अर्धे वर्ष जगला असे धरू आणि १०० मृत्यूंसाठी ५० वजा करू. उरली ११५ वर्षे, म्हणजे प्रत्येकी सव्वा वर्षाहूनही कमी.

सात-आठ वर्षे दिसलेला 'तोच' रॉबिन म्हणजे बहुधा एकामागून एक आलेले अनेक रॉबिन. पिंजऱ्यात तो कितीतरी अधिक जगू शकतो. मग रानात एवढे मृत्यू का, आणि तरीही संख्या साधारण तेवढीच कशी राहते? लॅक यांनी पुढे आयुष्यभर ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला, तो येथे एका बागेत उभा राहिलेला दिसतो.

पुस्तकाच्या मर्यादा

पुस्तकाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुतळ्यांचे प्रयोग थोड्या पक्ष्यांवर झाले. आजच्या सांख्यिकीच्या कसोटीला ते सगळे उतरणार नाहीत. पक्षी हद्द कशासाठी राखतो, हा प्रश्न पुस्तकात सुटत नाही. एलियट हॉवर्ड या हौशी निरीक्षकाने १९२० मध्ये हद्दीचा संबंध पिल्लांच्या अन्नाशी जोडला होता. लॅक यांनी त्याबद्दल शंका घेतली, पण त्याच तोलाचे दुसरे उत्तर ते देऊ शकले नाहीत. जुन्या इंग्रजी साहित्यातील संदर्भ जागोजागी येतात, ते आपल्या वाचकाला परके वाटतील.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी, की या पुस्तकातील पद्धत जशीच्या तशी उचलायची नाही. पक्षी पकडणे आणि कडी घालणे हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू असल्यामुळे परवानगीवाचून वन्य पक्षी पकडता येत नाहीत. पुतळे ठेवून किंवा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून विणीच्या काळात पक्ष्यांना डिवचणेही टाळावे. अभयारण्यात चांगले छायाचित्र मिळावे म्हणून आवाज वाजवणारे पर्यटक आता सर्रास आढळतात. विद्यार्थ्यांना हा धडा त्यांच्याकडून मिळता कामा नये.

याद्यांची बाजू

याद्या करणे व्यर्थ आहे, असे आम्हांला म्हणायचे नाही. इंग्लंडमध्ये १९७९ साली मुलांसाठी सुरू झालेली बागेतील पक्ष्यांची गणना आज सर्व वयांच्या लोकांची झाली आहे. भारतातही २०१३ पासून दर फेब्रुवारीत अंगणातील पक्ष्यांची गणना होते. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' या २०२३च्या अहवालासाठी सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदी वापरल्या गेल्या आणि ९४२ जातींचा आढावा घेता आला. चिमणी देशभरातून नाहीशी होत आहे, हा समज २०२० च्या अहवालाने दुरुस्त केला. मोठ्या शहरांत ती घटली, पण एकूण देशात तिची संख्या बहुतांशी स्थिर दिसली. हे काम एकटा लॅक करू शकला नसता. 'किती आणि कोठे' याचे उत्तर याद्या देतात. 'कसे आणि का' यासाठी एकाच पक्ष्यापाशी थांबावे लागते.

अडचण आहे ती याद्यांच्या चढाओढीची. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून गेलो, की 'आम्ही ६२ पक्षी पाहिले' असे तक्ते आम्हांला नेहमी दिसतात. 'त्यांतल्या एकाला तुम्ही तासभर पाहिलेत का? त्याने काय केले?' असे विचारले, की मुले शिक्षकांकडे पाहतात. दोष मुलांचा नाही. सहल एका सकाळची, बस परतायची घाई आणि जास्त नावे लिहिणाऱ्यास बक्षीस. असे असल्यावर कर्नाळ्याला नेले काय किंवा नांदूर मधमेश्वरला नेले काय, हाती नावेच येणार.

आपल्या आवारात

लॅक यांच्या पद्धतीतला जो भाग कडीवाचून करता येतो, त्यासाठी दयाळ हा चांगला पक्षी आहे. नर काळा-पांढरा असतो आणि मादीच्या अंगावर काळ्याऐवजी करडा रंग असतो, त्यामुळे निदान नर-मादी वेगळे ओळखता येतात. उन्हाळ्यात नर झाडाच्या शेंड्यावर, तारेवर, इमारतीच्या कोपऱ्यावर बसून गातो. शाळेच्या परिसराचा नकाशा काढावा आणि गाणारा नर दिसेल तेथे ठिपका देऊन तारीख व वेळ लिहावी. आठवड्यातून तीन सकाळी, असे दोन महिने केले की ठिपक्यांचे पुंजके दिसू लागतात. दोन नर एकाच वेळी गाताना ऐकू आले, तर ते दोन ठिपके रेषेने जोडावेत. कारण कडी नसली तरी ते दोन निराळे पक्षी आहेत, एवढे तेव्हा नक्की कळते. अशा रेषा पुंजक्यांच्या मधून हद्द कोठे जाते ते दाखवतात. मधला एखादा नर मरून त्याच्या जागी दुसरा आला, तर मात्र या पद्धतीने ते कळणार नाही. मुलांना ही उणीवही सांगावी. आपली पद्धत काय दाखवू शकत नाही, हे ओळखणे अभ्यासाचाच भाग आहे.

आपल्याकडे असे उदाहरण नाही असेही नाही. १९३० च्या पावसाळ्यात सालिम अली हाती नोकरी नसताना अलिबागजवळ किहीमला राहत होते. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. शिडीवर आडोसा करून ते रोज तासन्‌तास बसले. नर घरटे अर्धवट बांधतो, एखाद्या मादीने ते पसंत केले की पुरे करतो, आणि मग दुसऱ्या मादीसाठी नवे बांधायला घेतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. ज्यांच्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' (१९४१) या पुस्तकाने आपल्याला पक्षी ओळखायला शिकवले, त्यांनी स्वतः नाव मिळवले ते एकाच झाडाखाली बसून. त्यांचे पहिले काम आपण उचलले, दुसरे राहून गेले.

'द लाइफ ऑफ द रॉबिन'ची इंग्रजी सोपी आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला शिक्षकांच्या मदतीने ते वाचता येईल. निदान गाणे, हद्द आणि आयुर्मान यांवरील प्रकरणे वर्गात वाचावीत. येत्या वर्षी आपल्या निसर्गमंडळाने बक्षीस ठेवायचेच असेल, तर ते सर्वांत लांब यादीला न ठेवता, एकाच पक्ष्याबद्दल सर्वांत चांगला प्रश्न विचारून त्यासाठी दोन महिने वही ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला ठेवावे, अशी आमची सूचना आहे.