माकडताप आणि ‘एक’ आरोग्य

‘वन हेल्थ’मध्ये एम.एस्सी. करू पाहणारी मुलं आमच्याकडे येतात. (ऐकणाऱ्याला ‘वन’ म्हणजे रान वाटतं, ती चूक वाईट नाही.) आम्ही त्यांना माकडताप वाचायला सांगतो. १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मेली, मागोमाग माणसं तापानं फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं विषाणू शोधला. तो गोचिडीतून येतो. पुढे हा ताप आपल्या दोडामार्गात, काजूच्या बागांत पोचला.

म्हणजे जंगल, जनावर, माणूस हे आधीच जोडलेले आहेत. मग अभ्यासक्रम नवीन काय जोडतो? माकड मेलं की तो ‘इशारा’ धरायचा, भोवती कीटकनाशक मारायचं, लोकांना सावध करायचं. हे करायलाच हवं, वाद नाही. बागेत राबणाऱ्या बाईचा जीव त्यावर आहे. पण माकडाचं मरण ही माकडाचीही हानी आहे, हे कुठल्या पेपरात येतं? कांटनं साध्य म्हणून वागवण्याचा नियम विवेकी जीवांपुरता ठेवला, निदान तसं सांगून ठेवला. इथे नाव ‘एक’ आणि मोजमाप मात्र माणसाचं! प्रवेश घेण्याआधी विभागप्रमुखांना एवढं विचारा, आणि उत्तर आम्हालाही कळवा.