काँग्रेस रेडिओ: पाठलागाच्या गोष्टीत हरवलेली बातमी

युद्धकाळात विद्यार्थ्यांनी चालवलेली वार्तापत्रं, रेडिओ, भित्तिपत्रकं लोकांना धीर देतात, असं आजकाल बरंच म्हटलं जातं. धीर देतात म्हणजे नेमकं काय करतात? ‘ऐ वतन मेरे वतन’ हा २०२४चा हिंदी चित्रपट आम्ही हा प्रश्न मनात ठेवून बघितला. आमच्या मते तो नेमका इथेच कमी पडतो.

विषय १९४२चा. महायुद्ध चालू, पुढारी तुरुंगात, वर्तमानपत्रांवर बंधनं. अशात मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सोबती ४२.३४ मीटरवर गुप्त रेडिओ चालवतात. उषाताई १९३९ साली विल्सन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झालेल्या. (तत्त्वज्ञान घेऊन काय करणार, असं आम्हाला जन्मभर विचारलं गेलं. हे घ्या उत्तर!) जेमतेम तीन महिने, जागा बदलत बदलत, हे काम चाललं. १२ नोव्हेंबरला धाड पडली.

दिग्दर्शक कन्नन अय्यर यांना यात पाठलाग दिसला. पोलिसांची गाडी, लपवाछपवी, बापलेकीची ताटातूट. सचिन खेडेकरांनी वडील छान उभे केलेत, ते मान्य. पण त्या यंत्रावरून रोज बोललं काय जात होतं, याला चित्रपटात जागा थोडी.

आता आपल्या विदर्भाचंच बघा. त्या ऑगस्टात चिमूरला लोकांनी सरकारी अधिकाऱ्यांना मारलं. मग फौज आली आणि गावावर, बायाबापड्यांवर अत्याचार झाले. आष्टीला गोळीबारात माणसं गेली. वर्तमानपत्रं छापायला धजत नव्हती. काँग्रेस रेडिओने आष्टी-चिमूरची हकीकत सांगितली. खेड्यात रेडिओ किती घरी होते म्हणा! तरी ज्यांनी ऐकलं आणि पुढे सांगितलं, त्यांचं काय झालं असेल? डोळ्यांनी पाहिलेलं कुठेच छापून येत नाही, तेव्हा माणूस हळूहळू स्वतःच्याच डोळ्यांवर शंका घेऊ लागतो. तीच गोष्ट लांबच्या, अनोळखी आवाजात ऐकू आली की ती खरी ठरते, चारचौघांची होते. आम्ही धीर म्हणतो तो याला. हिंमतीची भाषणं त्यानंतरची.

हा एका पक्षाचा रेडिओ होता, त्यात आवाहनंही होती, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच मजकूर तपासायला हवा, आणि तो उपलब्ध आहे. पोलीस हे प्रसारण ऐकून टिपून घेत होते. खटल्यात तोच पुरावा झाला. उषा ठक्कर यांच्या २०२१च्या इंग्रजी पुस्तकात त्या नोंदी वाचायला मिळतात. राज्यकर्त्यांनी शिक्षेसाठी जपलेलं आज आपल्या उपयोगी पडतं, ही गंमतच.

उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ला सुटल्यावर त्यांनी गांधीविचारावर डॉक्टरेट केली आणि विल्सनमध्येच शिकवलं.

सव्वादोन तासांच्या आसपासचा चित्रपट आहे. त्यात एखादं अख्खं बातमीपत्र, सुरुवातीच्या गाण्यापासून शेवटच्या ‘वंदे मातरम्’पर्यंत, न कापता ऐकवायला फार तर पंधरा मिनिटं लागली असती.